केस फेट्यात गेले तेव्हा

आमच्या बँडच्या गायकाला यात्रेत मानाचा फेटा बांधा, असं यात्रा कमिटीला सुचवणारा मूर्ख मीच. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून केसांवर गाणारा तो एकटाच माणूस आहे, हे मी, त्याचा ड्रमवाला असून, विसरलो होतो.

गळ्यावर गाणारे पुष्कळ असतात. याचं सगळं गाणं कमरेपर्यंतच्या केसांत. डोकं खाली टाकून त्याने ते गरगर फिरवायला घेतले की पुढच्या रांगेतली माणसं शिंतोडे चुकवावेत तशी अंग चोरायची. स्टेजला पायऱ्या असतात हे त्याला मान्यच नव्हतं. तो बाजूने उडी मारून यायचा. कवठे महांकाळला तर पाहुण्यांसाठी आणलेल्या हारांच्या टेबलावरच उतरला, आणि अंगाला लटकलेल्या हारांसकट गायला लागला. लोकांना वाटलं, असंच ठरलं असेल. भर उन्हाळ्यातही अंगात काळं जाकीट, गळ्यात गिटार. गाता गाता बोट दाखवायचं ते सगळ्यात मागच्या माणसाला. का रे, म्हणून विचारलं तर म्हणाला, "पुढचं समदं मागं वळून बघत्यात. तेवड्यात मी घाम पुसतो." सांगलीच्या एका कॉलेजात त्याला स्टेजवर धूर हवा होता. मशीन भाड्याने आणायचं सोडून मी घमेल्यात शेणी पेटवल्या आणि वर कडुलिंबाचा ओला पाला टाकला. हॉल रिकामा झाला. हा मात्र डोळ्यांतून पाणी गाळत शेवटपर्यंत केस हलवत होता.

तर ती यात्रा त्याच्याच गावची, आटपाडीच्या बाजूची. त्याच्या वडिलांची, आबांची, डाळिंबाची बाग आहे. थोरला मुलगा फौजेत आणि धाकटा हा असा. आबांनी बजावून ठेवलं होतं, "या खेपंला गाव हसलं, तर दुसऱ्या दिशी बागंत यायचं. गिटार माळ्यावर." म्हणून मी हिशोब केला, गावानेच आधी मान दिला तर मग हसणार कोण? सत्कार शेवटी करतील असा माझा अंदाज. त्यांनी पहिल्या गाण्याआधीच उरकला. एका म्हाताऱ्या फेटेवाल्याने ते सगळे केस गुंडाळून आत कोंबले आणि असा फेटा आवळला की गायकाच्या भुवया वर चढल्या. आणि मानाचा फेटा, देणाऱ्यांच्या देखत उतरवता येत नाही.

"तू सांगितलंस व्हय रं?" त्याने मला विचारलं.

"अरे, मान आहे."

"केस आत गेलं, गड्या. आता हलवू काय? शेपूट?"

तरी सवयीने एक झटका दिलाच. फेटा नाकावर आला. बायकांत खसखस पिकली. आबांनी मान खाली घातली. मग त्याने फेटा वर सारला, माइक धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा न हलता उभा राहिला. गाणं त्याने स्वतः लिहिलेलं, मी वर्षानुवर्षं त्याच्यामागे बडवलेलं. फौजेतल्या भावाचा फोन येतो, मध्येच रेंज जाते, आणि आई त्या कट झालेल्या फोनलाच "जेवलास का" म्हणून विचारत राहते, असं त्यात आहे हे मला त्या संध्याकाळी कळलं. ऐकता ऐकता माझ्या काठ्या थांबल्या. एक अख्खं कडवं तो नुसत्या गळ्यावर गायला. कुणी हसलं नाही. त्याच्या आईने पदर डोळ्यांना लावला.

गिटार माळ्यावर गेली नाही. केस अजून आहेत, उड्याही आहेत; फक्त ते गाणं आलं की तो केसांना रबर लावतो आणि न हलता उभा राहून गातो. मागे बसून मला त्याची पाठ तेवढी दिसते. तिच्याकडे बघताना वाटतं, इतकी वर्षं हा काहीतरी सांगत होता आणि आपण सगळे त्याचे केस बघत बसलो.

त्या संध्याकाळी आबा पोराकडे गेले नाहीत. माझ्यापाशी मात्र मुद्दाम आले.

"मदी तुमी वाजवायचं इसरला हुता न्हवं?"

मी ओशाळून होय म्हटलं.

"तेवडंच लय झ्याक झालं," आबा म्हणाले. "जरा वरचेवर इसरत जावा."