पोटरीचं दुखणं

आईचं दुखणं गुडघ्याचं आहे, हे दादाने नोएडात बसून ठरवलं. आमच्या घरात पायाला काहीही झालं की तो गुडघाच असतो. पुण्याच्या दोन्ही मावश्यांचे गुडघे बदललेले. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आईचा एक्स-रे पाहून शिक्कामोर्तब केलं. दादाने ऑपरेशनची तारीख घेतली आणि मला कळवली. विचारलं नाही, कळवली.

आई माझ्याकडे राहते, दिल्लीत आर. के. पुरमला. ती किती चालते ते मी वहीत लिहीत होते. मार्च: दुधाच्या बूथपर्यंत न थांबता. मे: दोनदा थांबून. जुलै: आमच्याच ब्लॉकचं टोक गाठेना. दुखते उजवी पोटरी, गुडघा नाही. उभी राहिली की दोन मिनिटांत थांबतं. उजवं पाऊल गार. हे दादाला फोनवर वाचून दाखवलं, तर म्हणाला, यार, तू डॉक्टर कधी झालीस? वहिनीने गार पावलासाठी गरम पाण्याची पिशवी पाठवली. ती मी माळ्यावर टाकली.

ऑपरेशनआधीच्या तपासणीला वही घेऊन गेले. दादाने ती फायलीखाली सरकवली. मी पुन्हा वर ठेवली. सर्जनने वाचली. मग आईच्या घोट्यामागे आणि पावलावर बराच वेळ बोटं ठेवली. उजवीकडे नाडीचा ठोका लागेना. गुडघा राहू द्या म्हणाले, आणि रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

त्यांनी स्कॅन दाखवला. गुडघ्यामागून एक मोठी धमनी उतरते, खाली तिच्या तीन होतात. आईची मोठी जेमतेम उघडी, तिन्हींपैकी दोन बंद. सगळं पाऊल तिसरीवर जगत होतं, पोटरीतल्या बाहेरच्या बारीक हाडालगत उतरणाऱ्या. गुडघ्याच्या ऑपरेशनला रक्त थांबवायला मांडीवर पट्टा आवळतात. तसं झालं असतं तर पाय जाऊ शकला असता, हे त्यांनी साध्या हिंदीत सांगितलं. दादाने विचारलं, मग गुडघ्याची तारीख पुढची घ्यायची का? डॉक्टरांनी स्कॅनवरच्या बंद धमन्यांवर पुन्हा बोट ठेवलं.

बाहेर आई मला हळूच म्हणाली, "त्याला काही बोलू नकोस. सुट्टी काढून आलाय बिचारा."

मी लिफ्टसमोर, सगळ्यांदेखत बोलले. "तू तिचा पाय घालवायला निघाला होतास."

तो जिन्याने निघून गेला.

दोन दिवसांनी फुगा घालून धमनी उघडली. दुसऱ्या सकाळी पाऊल कोमट लागलं. मी त्यावर हात ठेवून बसले होते. आईने पाय ओढून घेतला.

"आधी त्याला फोन लाव."

मी फोन तिच्या हातात दिला. लावून दिला नाही.