भोक पाडलेलं कार्ड

“कार्डच्या चिपमधली तारीख कुणीही लिहू शकतं, मॅडम,” समोरचे वकील कोर्टात हसत म्हणाले. म्हणणं खरं होतं. त्या एका वाक्याने माझा सगळा बचाव आडवा केला.

माझे अशील इम्तियाज कुवेतहून परतलेले इलेक्ट्रॉनिक्सवाले. मिरकरवाडा बंदराजवळ त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. मच्छीमार लाँचना जेटीवर डिझेल घ्यायला त्यांनी कार्डं बनवली होती. आधी पैसे भरायचे, मग कार्ड मशीनजवळ नुसतं धरायचं. ओल्या, खाऱ्या हातांनी ते कुठे घालायला नको. मुंबईच्या एका कंपनीने त्यांच्यावर पेटंटभंगाचा दावा लावला. पेटंट म्हणजे नव्या शोधावरचा ठरावीक वर्षांचा हक्क. पण तो शोध अर्जाआधीच उघड वापरात असेल, तर पेटंट टिकत नाही. ते सिद्ध झालं नसतं तर वर्कशॉपला टाळं लागलं असतं.

वाद कार्डातल्या तारेचा होता. अशा कार्डात बॅटरी नसते. कडेने बारीक तारेचं वेटोळं असतं. ते मशीनजवळ आलं की तारेत वीज तयार होते आणि चिप जागी होते. मला आजही याचं नवल वाटतं. आमच्या तांडेलांना, म्हणजे लाँचच्या कप्तानांना, त्याचं काही नव्हतं. नवं कार्ड हातात पडलं की तापवलेल्या खिळ्याने कोपऱ्यात भोक पाडायचं आणि दोरीने सुकाणूच्या चाकाला बांधायचं! तार तुटायची, कार्ड मरायचं. सांगून सांगून इम्तियाज थकले आणि शेवटी त्यांनी तारच त्या कोपऱ्याला वळसा घालून नेली. कंपनीच्या पेटंटमध्ये नेमका तोच वळसा होता.

आम्ही जुनी कार्डं हजर केली होती. पण ती जुनी कशावरून?

“एक कार्ड हाय,” इम्तियाज अडखळत म्हणाले. “हसनचाचांच्या लाँचवर. पन तिला कोन हात लावत नाय.”

ती लाँच कंपनीच्या पेटंट-अर्जाच्या आदल्या वर्षी वादळात बुडाली होती. बंदर खात्यात तशी नोंद होती. खाडीच्या तोंडाशी ती गाळात रुतून होती, अमावस्येच्या ओहोटीला केबिन उघडी पडायची. तिचे तांडेल हसनचाचा मात्र सापडले नाहीत. माणूस घेऊन गेलेल्या लाँचचा खिळासुद्धा तिथे कुणी काढत नाही.

आम्ही त्यांच्या पत्नीकडे, जैनबचाचींकडे गेलो. कंपनीचं म्हणणं सांगून मी कार्ड काढायची परवानगी मागितली.

“म्हंजे ते बोलतात, असा कार्ड तवा नव्हताच?” चाचींनी विचारलं.

“हो.”

“भोक तेंनी माज्यासमोर पाडला. माज्या चुलीवर खिला तापवून.” त्या उठल्या. “काडा. मी पन येतंय.”

कोर्टाने कमिशनर नेमले. जागेवर जाऊन, पाहून अहवाल देणारे वकील म्हणजे कमिशनर. कपडे वर खोचून आम्ही सगळे गुडघाभर गाळातून चाललो, समोरचे वकीलही. चाक जागेवर होतं. नायलॉनच्या दोरीला कालवांच्या शिंपल्यांनी मढलेलं काहीतरी लोंबत होतं. कमिशनरांनी स्वतः दोरी कापली.

जेटीवर गोड्या पाण्याने ते धुतलं. राळेत बंद केलेलं जाड कार्ड, कोपऱ्यात वेडंवाकडं भोक. इम्तियाजनी ते मशीनजवळ धरलं.

हिरवा दिवा लागला. पडद्यावर लाँचचं नाव आलं आणि शेवटचं डिझेल भरल्याची तारीख. लाँच गेली तोच दिवस. गाळातल्या कार्डावर नंतर तारीख कोण लिहिणार?

इतकी वर्षं खाऱ्या चिखलात पडलेली ती वस्तू आमच्यासमोर उत्तर देत होती. समोरच्या वकिलांनी चष्मा काढून हातात धरला.

“परत लाव रे,” चाची म्हणाल्या.

दिवा परत लागला. त्यांनी अजून एकदा लावायला सांगितलं. पंचनामा लिहून झाला होता, तरी कमिशनरांनी कार्ड त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी स्वतः ते मशीनजवळ धरलं आणि दिवा विझेपर्यंत पडद्यावरून नजर हलवली नाही. मग कार्ड सीलबंद झालं.

तात्पुरत्या मनाईचा, म्हणजे निकालापर्यंत कार्डं बनवणं थांबवण्याचा, कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. पुढे कंपनीने दावाच मागे घेतला. वर्कशॉप वाचलं. इम्तियाजनी पेढे वाटले. चाचींनी पेढा हातातच ठेवला.

“वकीलबाय, तो कार्ड कदी मिलेल?”

कोर्टात दाखल झालेली वस्तू परत मिळवायला अर्ज लागतो, समोरच्यांचं म्हणणं लागतं, तारखा पडतात. दावा लवकर संपला, कार्ड चाचींच्या हाती बऱ्याच उशिरा आलं. तेव्हापासून कुणाची कुठलीही वस्तू पुराव्यात देण्याआधी ती परत मागण्याचा अर्ज मी टाइप करून ठेवते.