माझी साक्ष

आमची ख्रिस्ती मंडळी परळच्या आमच्या एका खोलीत सुरू झाली, पण वाढली ती माझ्या तापामुळे. बाबांनी मोठं चर्च सोडलं होतं. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास, असं ते ठासून सांगत. सात वर्षांची मी निव्वळ प्रार्थनेनं वाचले, ही बातमी चाळभर झाली आणि चार घरांची मंडळी पार माझगावपर्यंत पोचली. दर रविवारी बाबा मला स्टुलावर उभं करून, देवानं मला कसं बरं केलं याची साक्ष द्यायला लावत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू!

मग संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात कर्फ्यू लागला आणि त्याच दिवसांत धाकट्या बहिणीला ताप भरला. सगळे गुडघे टेकून प्रार्थना करत होते. आई मात्र सारखी जिन्यापर्यंत जाऊन परत येत होती. तिसऱ्या दिवशी बहीण गेली.

तिला पुरून आल्यावर आईनं मला मोरीपाशी ओढलं.

"तुला मी नाक्यावरच्या डॉक्टरचं औषध चोरून पाजलं होतं गं," ती म्हणाली. "या वेळी दवाखानाच बंद होता."

रविवारी बाबांनी स्टूल पुढे सरकवलं. आईकडे न बघता मी वर चढले आणि नेहमीची साक्ष दिली.

त्या दिवशी आणखी दोन घरं आमच्यात आली.