सुहासने न वाचलेलं पान

सुहास गेल्याची बातमी मला पुण्याहून आली. आम्ही दोघंही सिंगापुरात, तो राहायचा यिशुनला आणि मी टॅम्पिनीसला. मध्ये थेट बस आहे, बदलावीसुद्धा लागत नाही. तरी माझी बायको अलका, जी तेव्हा पुण्यात होती, तिचा सकाळी फोन आला, "अहो, काल तुम्ही होतात ना तिकडे? मंजिरीला सावरलं ना कोणी?" मंजिरी म्हणजे सुहासची बायको. मी ऑफिसला निघायच्या घाईत बूट चढवत होतो. म्हटलं, "तिकडे म्हणजे कुठे?" ती अगदी हळू म्हणाली, "तुम्हाला कोणी कळवलंच नाही?" कळवणार कोण? मित्रांच्या ग्रुपमधून चार महिन्यांपूर्वी मीच पाय आपटत बाहेर पडलो होतो. परवा दुपारी जेवून उठताना सुहासच्या छातीत कळ आली, हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, आणि काल सकाळी दहनही झालं होतं. माझा वीस वर्षांपासूनचा मित्र गेला तेव्हा मी ऑफिसात बसून कुठलासा फालतू रिपोर्ट तपासत होतो. एक बूट पायात, एक हातात, असा मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे.

याला पाच आठवडे झाले. लिहायला बसलो की पहिल्यांदा त्याचा आवाज कानात येतो. सुहास अमरावतीचा. सिंगापूरला येऊन उभी हयात गेली, पण त्याच्या बोलण्यातलं 'बे' काही गेलं नाही. मी पडलो पुण्याचा. पहिल्या भेटीत त्याने मला "काय बे, नवीन दिसतो" म्हटलं तेव्हा मला राग आला होता. सहा महिन्यांनी त्याने 'बे' म्हटलं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. एका जहाजदुरुस्तीच्या कंपनीत तो टेंडरं तपासायचा. माल पुरवणाऱ्यांचे कागद आले की आधी त्यांची नावं झाकायची, मग वाचायचं, अशी तिथली पद्धत होती. कोण मोठा, कोण ओळखीचा, काही कळता कामा नये. तो म्हणायचा, "कागद पाह्य, तोंड नको पाहू." नोकरीतली ही पद्धत त्याच्या अंगात एवढी भिनली होती की घरीदारी तेच. मुलीची शाळा त्याने नावं झाकून निवडली. आमचा मित्र प्रदीप याच्या भाचीसाठी आलेली स्थळंसुद्धा त्याने आडनावं झाकून घरच्यांना वाचायला दिली. प्रदीपच्या घरात त्यानंतर तीन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही! पण लग्न मात्र झालं, आणि चांगलं झालं.

अमेरिकेतली अध्यक्षपदाची निवडणूक हा त्याचा खास सण. दर चार वर्षांनी, निवडणूक जवळ आली की रविवारी सकाळी ईस्ट कोस्टला समुद्राकाठी चालून झाल्यावर आम्ही हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या मांडवात, बसायचो. सुहास, प्रदीप, संशोधक असलेले गायकवाड सर आणि मी. पराठे आणि कोपी, म्हणजे इथली कॉफी, आली की सुहास पिशवीतून कागद काढायचा. दोन्ही उमेदवारांची भाषणं आणि जाहीरनामे आठवडाभर वाचून त्याने एकेका विषयावर दोघांचं म्हणणं मराठीत उतरवलेलं असायचं. नावं नाहीत, घोषणा नाहीत. 'पहिलं टेंडर' आणि 'दुसरं टेंडर', बस्स. एका रविवारी औषधपाणी, एका रविवारी कर, मग शाळा, मग लढाया. त्याची नजर फार बारीक. "हे पाह्य, इथं 'करू' लिहिलंय. आणि इथं 'करायचा प्रयत्न करू'. टेंडरात असं लिहिणाऱ्याला आम्ही दारातूनच परत पाठवतो." वाचून झालं की आम्ही चिठ्ठीवर एक किंवा दोन लिहायचं. शेवटच्या रविवारी चिठ्ठ्या उघडायच्या आणि झाकलेली नावंही. मी एकदा वैतागून विचारलं होतं, "आपल्याला तिथे मत नाही, इथे नाही, भारतातल्या यादीतूनही नाव उडालंय. मग हा खटाटोप कशाला?" तर हसून म्हणाला, "जिथं आपलं मत नाही ना बे, तिथंच डोकं थंड राह्यते."

माझं डोकं मात्र या वेळी थंड नव्हतं. माझा मुलगा निखिल अमेरिकेत नोकरीला होता. त्याला ती नोकरी लागली तेव्हा मी पुण्याहून पेढे मागवून इथल्या अख्ख्या मराठी मंडळात वाटले होते, आणि 'आमचा निखिल, आमचा निखिल' करून लोकांना नको नको केलं होतं. गेल्या वर्षी त्याची नोकरी गेली. व्हिसा नोकरीवर, नोकरी नाही तर दोन महिन्यांत दुसरी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. दुसरी मिळाली नाही. तो पुण्याला परत आला आणि अलका त्याच्यापाशी गेली. मी सगळ्यांना सांगितलं, सासूबाईंची तब्येत बरी नाही म्हणून अलका गेलीय. धडधाकट सासूबाईंना मी आजारी पाडलं, पण मुलगा परत आला हे तोंडातून निघेना. फक्त सुहासला सांगितलं, ईस्ट कोस्टला चालताना, त्याच्याकडे न बघता. तो नुसता खांद्यावर हात ठेवून चालत राहिला, आणि पुढे कधी विषय काढला नाही.

आता गंमत बघा. त्या दोन उमेदवारांपैकी एकावर मी सगळी भिस्त ठेवली होती. नाव सांगत नाही, सुहासला आवडलं नसतं. तो निवडून आला की बाहेरून आलेल्या शिकलेल्या पोरांचे दिवस पालटतील, निखिल परत जाईल, आणि मग सासूबाईंनाही बरं वाटेल, असा माझा हिशेब! दर रविवारी टेबलावर हात आपटून मी त्याची बाजू घ्यायचो. चार रविवार चार विषय झाले. पाचव्या रविवारी दर निवडणुकीत ठरलेला विषय असायचा, बाहेरून कामाला येणाऱ्या लोकांचा. आम्ही सगळेच इथे कामाच्या पासवर, म्हणजे परवान्यावर जगणारे, त्यामुळे त्या दिवशी सगळ्यात जास्त तोंडं सुटायची. या वेळी तो रविवार आला आणि सुहासने एकदम चिठ्ठ्याच उघडायला घेतल्या. खरं सांगतो, मला मनातून हायसं वाटलं. निखिलची चौकशी टळली, सुटलो.

आणि मग नावं उघडली. मी चारही विषयांत दुसऱ्याला पसंती दिली होती. ज्याला महिनाभर शिव्या घालत होतो, त्याला! प्रदीप खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. "विल्या, लेका, तू तर फितूर निघालास!" शेजारच्या टेबलावरची चिनी म्हातारी माणसंसुद्धा वळून बघायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या विषयाच्या टळण्याने दहा मिनिटांपूर्वी सुटल्यासारखं वाटलं होतं, तोच मी सुहासवर उगारला. "बाहेरच्या कामगारांचं का नाही वाचलंस? खरा फरक तिथेच आहे!" सुहास कागद गोळा करत होता. म्हणाला, "राहून गेलं बे." मी म्हटलं, "आयुष्यभर टेंडरं वाचलीस आणि नेमकं हेच राहून गेलं? राहिलं नाही, तू काढलंस. लबाड आहेस तू. नोकरीतही अशीच कलमं गाळून टेंडरं पास केलीस का?"

हे शब्द माझे. ज्या माणसाने तीस वर्षं दिवाळीचा साधा मिठाईचा डबासुद्धा पुरवठादाराकडून घेतला नाही, त्याला मी भर टेबलावर हे ऐकवलं. प्रदीपचं हसू मावळलं. सुहासचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मला वाटलं, पकडला गेला! मी उठलो आणि तरातरा निघून आलो. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसल्या बसल्या ग्रुपमधूनही बाहेर पडलो.

त्यानंतर त्याचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. दिवाळीत मंजिरीवहिनींनी फराळाचा डबा माझ्या ऑफिसातल्या एकाबरोबर पाठवला. चकल्या खाल्ल्या, डबा धुऊन ठेवला, फोन केला नाही. निकाल लागला, तेव्हाही केला नाही. एका शनिवारी यिशुनच्या बसमध्ये बसलोसुद्धा, आणि मध्येच उतरून परतीची बस पकडली. म्हटलं, चूक त्याची, आपण का जायचं? माज, दुसरं काय!

अलकाचा फोन आला त्या सकाळी टॅक्सी करून यिशुनला गेलो. दार त्याच्या मुलीने, ऋताने उघडलं. ही पोर माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली. इथेच वाढलेली, मराठी समजते पण बोलणं इंग्रजीत. "अंकल, येस्टरडे ऑलरेडी ओव्हर लाह," म्हणजे कालच सगळं आटोपलं, एवढंच इथल्या ढंगात म्हणाली आणि बाजूला झाली. त्या दिवशी घरात माणसं होती, मी तासभर कोपऱ्यात बसून निघालो. तेराव्यानंतर, गर्दी ओसरल्यावर पुन्हा गेलो. वहिनींनी चहा ठेवला. मी म्हटलं, "वहिनी, मी त्याला फार वाईट बोललो होतो." त्या म्हणाल्या, "माहितीय मला. ते काही बोलले नाहीत, प्रदीपभाऊजींच्या बायकोकडून कळलं." मग चहा गाळता गाळता, अगदी साधेपणाने सांगायला लागल्या.

"ते पान त्यांनी लिहिलं होतं, भाऊजी. शनिवारी मला वाचून दाखवायचे ना नेहमी, तसं तेही दाखवलं. मग म्हणाले, हे उद्या नाही वाचणार. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, अहो, तुम्हीच म्हणता ना, कलम गाळणं म्हणजे चोरी? तर म्हणाले, 'विल्याच्या पोराचं असं झालंय. हा विषय निघाला की प्रदीप विचारणारच, निखिल कसा आहे म्हणून. मग विल्याला सगळ्यांसमोर खोटं बोलावं लागेल. त्याच्यापेक्षा मी खोटं वाचतो. एक टेंडर चुकीचं झालं तर होऊ दे.'" त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "मी नंतर म्हटलंही, विलासभाऊजींना खरं सांगून तरी टाका. म्हणाले, फोन उचलत नाही तो."

मला रडू आवरलं नाही. मी, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, त्या स्वयंपाकघरात हमसून हमसून रडलो. कारण मी म्हणालो होतो ते खरंच होतं! त्याने कलम गाळलं होतं. आयुष्यात एकदाच, आणि माझ्यासाठी. खरं कारण तिथे सांगितलं असतं तर माझं गुपित फुटलं असतं, म्हणून माझ्याच तोंडून लबाड म्हणवून घेतलं आणि गप्प बसला. वहिनींनी ते पान आणून दिलं. परतीच्या बसमध्ये वाचलं. त्याच्या बारीक, सुबक अक्षरात पहिलं टेंडर आणि दुसरं टेंडर. दोन-तीनदा वाचलं. यातलं माझ्या उमेदवाराचं कोणतं, ते मला छातीठोकपणे सांगता येईना. दोन्हीकडे 'आमच्या माणसांचं आधी' होतं, दोन्हीकडे 'गुणवंतांचं स्वागत' होतं, आणि जिथे निखिलसारख्याचं काय होणार ते यायला हवं, तिथे दोन्हीकडे 'विचार करू'. सुहासने दोन्ही 'विचार करू'खाली पेन्सिलीने रेघ मारली होती.

घरी येऊन निखिलला फोन केला. म्हटलं, "तुझ्या नोकरीचं मी इथे सांगितलं तर चालेल का? सुहासकाकाच्या नावावरचा डाग धुऊन काढायचाय." तो म्हणाला, "बाबा, सांगा ना. मी तर पहिल्या दिवशीच सगळ्या मित्रांना सांगितलं होतं. लपवत फक्त तुम्ही होतात."

रविवारी ईस्ट कोस्टला गेलो. प्रदीप आणि गायकवाड सर त्याच टेबलावर होते. त्यांनी माझ्यासाठी कोपी मागवली. मी बसलो आणि सगळं सांगितलं. निखिलची नोकरी, सासूबाईंचं खोटं आजारपण, ते पान, वहिनींनी सांगितलेलं. काही लपवलं नाही. शेवटी म्हटलं, "मी त्याला इथे, तुमच्यासमोर लबाड म्हणालो होतो. तो शब्द तुमच्यासमोर परत घेतो." प्रदीपने डोळे पुसले. गायकवाड सर एरवी फार कमी बोलतात. त्यांनी समोरचा कप बाजूला सारला.

मग म्हणाले, "विलासराव, आमच्याकडून कसा परत घेणार? आमच्याकडे कुठे आहे तो? ज्याला दिलात, तो बरोबर घेऊन गेला."