वलीभाईंची पारख

वलीभाई साहेबांसमोर आपणहून बोलले ते एकदाच, आणि तिथेच फसले.

त्याआधी आखातात, अल क्वोजच्या गोदामात त्यांचं बरं चाललं होतं. जपानहून जुन्या कपाटांचे कंटेनर यायचे. वलीभाईंनी ती उतरवायची, पुसायची, खण रिकामे करायचे. जपानी माणूस म्हणे फार नीटनेटका, पण खणाच्या कोपऱ्यात वस्तू विसरायला तोही आपल्यासारखाच. सुया, बटणं, चष्म्याच्या काड्या. एका कपाटात मात्र दोऱ्यात ओवलेल्या पितळी चकत्यांची माळ निघाली.

मॅनेजर प्रल्हाद साठ्ये धावतच आले. "जुनी नाणी! वलीभाई, लॉटरी!" त्यांनी चकतीवर फोनचा कॅमेरा धरला, तर फोनने तिच्यावरच्या जपानी अक्षरांचा अर्थ सांगितला : तांदूळ, एक माप.

"नाणी नाहीत साहेब, टोकन आहेत," वलीभाई म्हणाले. "खाणीतली नाहीतर कारखान्यातली. पगारात द्यायची आणि चालणार फक्त मालकाच्याच दुकानात."

"तुम्ही कधी गेला होतात जपानला?"

"कशाला जायला पाहिजे? इथे नवीन आलो तेव्हा आमच्या मजुरांच्या कॅम्पच्या मेसमध्ये अशीच होती, जेवणाची. दाढी केली की न्हाव्याला एक, पत्त्यांत हरलो की दोन. अख्खा कॅम्प त्यावर चालायचा. गेटबाहेर शेंगदाणेवालासुद्धा घ्यायचा नाही. हे भोक बघा, वाकडं आहे. टांकसाळीत असं पाडतात काय? हे खिळा ठोकून पाडलंय. चोरीला गेलं तर तक्रार कुणाकडे करणार? म्हणून गळ्यात बांधून झोपायचं."

साठ्यांनी ओसाकाच्या एका संग्राहकाला फोटो पाठवले. उत्तर आलं : बरोबर, कोळशाच्या खाणीतलीच. झालं! त्या दिवसापासून शारजाच्या भंगारवाल्यांपासून सगळ्यांच्या चकत्या वलीभाईंपुढे येऊ लागल्या. वलीभाई निम्म्या अंदाजाने सांगत. तरी बरोबर यायचं, हे त्यांचं दुर्दैव. साठ्यांनी त्यांना एसी केबिनमध्ये खुर्ची दिली. खुर्ची मऊ होती. माणूस अडकवायची वस्तू मऊच असते.

कारण नेमकं तेव्हाच वलीभाईंना कायमचं घरी जायचं होतं. श्रीवर्धनला मुलीचा, फिरदोसचा, निकाह ठरला होता; नवरा त्यांच्याच बहिणीचा, मैमुनाबीचा, मुलगा अर्सलान. आणि वलीभाईंचा पासपोर्ट साठ्यांच्या कपाटात 'सेफ' होता.

"आत्ता जाता?" साठ्ये कळवळले. "ओसाकावाल्याची चकत्यांची अख्खी ट्रंक यायचीय हो! आणि अडवतंय कोण? तुमच्या जागी तुमचा माणूस द्या, हाताखाली तयार करा, खलास!"

हे काही साठ्यांच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. वलीभाईंच्या गावची रीतच ती. आखातातली जागा रिकामी सोडायची नाही. चाचा उठला की पुतण्या बसतो. वलीभाई स्वतः चाचाच्या जागी आले होते. आता घरात जाण्याजोगा पुरुष एकच उरला होता.

"मामू, मी तयार आहे!" अर्सलान फोनवर ओरडला. "मोबाइल रिपेरिंगमध्ये काय ठेवलंय? उद्या शटर पाडतो. तुम्ही फक्त व्हिसा पाठवा!"

"निकाह तरी होऊ दे रे."

"निकाह झाला की दुसऱ्या आठवड्यात फ्लाइट!"

मागून फिरदोसने फोन ओढून घेतला. "अब्बा, हा आत्तापासून बॅगा बघत फिरतोय."

"तू काय म्हणतेस पण?"

"मी काय म्हणू? अम्मीने कधी काय म्हटलं?"

ती हसत बोलली होती, म्हणूनच वलीभाईंना ते जास्त लागलं. आपला संसार सुट्ट्यासुट्ट्यांनी झाला. ही मुलगी चालायला लागली तेही त्यांना पत्रातून कळलं होतं.

"अर्सलानला दे," ते म्हणाले. आणि अर्सलानला त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच साहेबी आवाजात, सांगून टाकलं, "व्हिसा बंद झालेत. कंपनीच घेत नाही. तू शटर पाडू नकोस."

"मग तुम्ही कधी येणार, मामू?"

"इन्शाल्ला."

सकाळी साठ्यांनी विचारलं, "काय, मिळाला माणूस?"

"गावात कुणीच मोकळं नाही, साहेब."

"अरेरे!" साठ्यांना खरोखरच वाईट वाटलं; तशी ती ट्रंक दारात आलेली होती. "पण निकाह हल्ली व्हिडिओवर दिसतो हो. माझा टॅब घ्या, तुमच्या फोनपेक्षा मोठा आहे."

"चार्ज करून ठेवा," वलीभाई खुर्चीत बसत म्हणाले. "आमचे मौलवी फार लांबवतात."