एका बापाची दोन मशीनं

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुंजाजी आमच्या प्रेसमध्ये पाऊल टाकायचा तोच नाक मुरडत. खुर्चीत बसण्याआधी पिशवीतून स्वतःचा पंचा काढून अंथरायचा, स्पिरिटात कापूस बुडवून कीबोर्ड पुसायचा आणि काळाकुट्ट झालेला बोळा माझ्यापुढे धरायचा, जसा काही तो मीच केला होता. चहा नको, पाणी स्वतःच्या बाटलीतलं. त्याच्या घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं. ओलं कोकरू खांद्यावर टाकून नांदूरघाटच्या माळावर वाढलेला हा माणूस, आणि त्याला आमच्या माऊसची किळस! एकदा मी विचारलंच, एवढी कसली शिसारी हो तुम्हाला?

"लेंडीची न्हाई ताई," तो म्हणाला. "माणसाच्या हाताची हाय."

तेव्हा मला तो नुसता शिष्ट वाटला होता. शेटे बंधूंकडे आणखी थोडे दिवस काढल्यावर मला त्याचं म्हणणं पटायला लागलं.

शेट्यांची प्रेस बीडच्या मोंढ्याजवळ होती. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं, सगळं तिथं छापून व्हायचं. सिद्धलिंगअप्पा शेटे गेले आणि दोन लेकांनी प्रेस वाटून घेतली, म्हणजे खालचा मजला थोरल्या वीरेशअप्पांनी घेतला आणि वरचा धाकट्या रविअप्पांनी. खाली विंडोजचं मशीन होतं, त्याच्यावर मी टाईप करायची. वर रविअप्पांनी औरंगाबादहून जुनं ॲपलचं मशीन आणलं होतं, रंगीत कामासाठी. त्या काळात गावोगाव टीव्हीवर छत्तीस चॅनेलं दिसायला लागली होती आणि पिवळ्या कागदावरची लाल पत्रिका कुणाच्या डोळ्यांत भरत नव्हती. नवरानवरीचा फोटो पाहिजे, गुलाब पाहिजेत, मागे सोनेरी महाल पाहिजे. मजकूर खाली टाईप व्हायचा आणि गुलाब वर लागायचे.

दोन मशीनांच्या मधे स्लॅबला भोक पाडून तार सोडली होती. तिच्यातून एक अक्षर कधी वर गेलं नाही. मग मी फ्लॉपी घेऊन जिना चढायची. वरच्या मशीनला फ्लॉपी वाचता आली नाही की पुन्हा खाली, पुन्हा वर. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे फ्लॉपीबरोबर त्यांचे निरोपही मीच न्यायची. त्याला म्हणावं कागदाचा हिशोब दे. त्याला म्हणावं आधी पंख्याचं बिल भर. मोठी माणसं, कपाळाला विभूती, आणि तोंडातून हे. मला वीट आला होता.

तार चालत नाही याचा दोष वीरेशअप्पांनी माझ्या माथी मारला. बाईच्या हातात मशीन टिकत नाही, हे त्यांनी गिऱ्हाइकांसमोर बोलून दाखवलं. तेवढ्यावर थांबले असते तरी मी गिळलं असतं. त्यांनी वडवणीला माझ्या सासऱ्यांना फोन केला आणि सांगितलं की लग्नसराईच्या आत मशीनं जोडली गेली नाहीत तर तुमची सून घरी ठेवून घ्या. सासऱ्यांचं वडवणीत किराणा दुकान, मी तिथूनच रोज एसटीनं ये-जा करायची. माझा नवरा आष्टीला नोकरीला होता, तिथं तो मित्रांबरोबर खोलीत राहायचा. काम गेलं की मी दुकानात गूळ तोलायला बसणार, हे घरात ठरलेलंच होतं. भांडून भांडून कॉम्प्युटर शिकले होते मी. ते गोणींच्या मागे बसण्यासाठी नव्हतं.

म्हणून मुंजाजी आला की मला जरा धीर यायचा. त्यानं तार बदलली. तारेची टोकं नवी केली. जिथं सगळ्या तारा येऊन मिळतात ती डबी उघडली, तिच्यात पालीची अंडी निघाली. ती बघून तो बाहेर जाऊन उभा राहिला, मग परत येऊन कागदानं त्यानंच काढली. ॲपलला विंडोजचं बोलणं कळावं म्हणून वर एक प्रोग्राम घातलेला होता, मुंजाजी त्याला दुभाषी म्हणायचा. तो दुभाषीही त्यानं काढून पुन्हा घातला. तार चांगली, डबी चांगली, दुभाषी चांगला. तरी खालच्याला वरचा दिसेना आणि वरच्याला खालचा.

शेवटी त्यानं मला विचारलं, सकाळी मशीन चालू करताना पडद्यावर काय काय येतं? मला ते माहीतच नव्हतं. खालचं मशीन रोज वीरेशअप्पाच चालू करायचे. आधी पडद्याला विभूतीचे तीन पट्टे, मग उदबत्ती, मग बटण. त्यांच्याशिवाय त्या वेळी मशीनजवळ कुणी जायचं नाही अशी सक्त ताकीद होती. वरचं मशीन रविअप्पा कधी बंदच करत नसत.

दुसऱ्या दिवशी मुंजाजी दुकान उघडायच्या वेळेलाच आला आणि वीरेशअप्पांच्या पाठीशी उभा राहिला. विभूती लागली, उदबत्ती फिरली, बटण दाबलं. अप्पांनी हात जोडून डोळे मिटले. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. अप्पांनी एक डोळा उघडला आणि माशी हाकलावी तसं एंटर मारून ती घालवली. ते काय पुसलंत, असं मुंजाजीनं विचारलं. काई न्हाई, ते रोजच येतंय, अप्पा म्हणाले.

मुंजाजीनं मशीन पुन्हा चालू करायला लावलं आणि चौकट वाचली. मग वर जाऊन आला. सगळी बोंब एवढीच होती की जोडलेल्या प्रत्येक मशीनला स्वतःचं नाव लागतं, आणि दोन्ही भावांनी आपापल्या मशीनला बापाचंच नाव दिलं होतं. खाली सिद्धलिंग, वरही सिद्धलिंग. एका तारेवर एका नावाची दोन मशीनं चालत नाहीत. वरचं आधीपासून चालू, म्हणून खालच्याला रोज दार लागायचं, आणि तसा निरोपही रोज यायचा. आमचे अप्पा तो हात जोडून पुसायचे. आणि दोष माझा! त्या वेळी मला जो संताप आला तो अजून पुरता गेलेला नाही.

मुंजाजीनं दोघांना जिन्याजवळ बोलावलं. एकानं नाव बदला, नुसतं एक अक्षर जास्तीचं लावा, मी लगेच जोडून देतो, असं सांगितलं. दोघांपैकी एकही तयार होईना. मी थोरला हाय, नाव माझ्याकडंच राहणार, असं वीरेशअप्पा म्हणाले. दवाखान्यात बापाला मी नेलं, नाव माझं, असं रविअप्पा म्हणाले. मग दवाखाना निघाला. बाप अंथरुणाला खिळल्यावर कोण जवळ बसलं, कोण गावाला पळालं, कुणी त्यांचं भांडं उचललं. समोर एक बिचारा लेकीच्या पत्रिकेचा नमुना हातात घेऊन उभा. त्याच्यादेखत हे दोघं मेलेल्या बापाचं मूत एकमेकांच्या अंगावर उडवत होते. मुंजाजीनं पंचा तोंडाला लावला.

गंगासागरबाई, त्या दोघांची आई, दुपारचा डबा घेऊन दारात येऊन उभ्या होत्या. कधीपासून ते देव जाणे. डबा त्यांनी टेबलावर ठेवला.

"भांडं मी उचललं," त्या म्हणाल्या. "ह्या दोघांतला एक बी खोलीत येत नव्हता, वास येतुया म्हणायचे. दोन्हीवरनं त्यांचं नाव काढ रं बाबा."

आणि तशाच परत गेल्या. मुंजाजीनं दोन्ही मशीनांची नावं बदलली, खालच्याला खाली आणि वरच्याला वर. मशीनं पुन्हा चालू झाली आणि माझ्या पडद्यावर वरचं मशीन दिसलं. मला रडू आलं. म्हटलं, सुटले.

संध्याकाळी वीरेशअप्पा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मुंजाजी तेव्हा तारा बांधत होता. काहीतरी पाठवून बघू, टाईप कर, असं म्हणून अप्पा मजकूर सांगायला लागले. मी करत गेले. पाहिजे. प्रेससाठी संगणक ऑपरेटर. पुरुष उमेदवारास प्राधान्य. तिथं माझी बोटं थांबली. मी मान वर केली तर ते भिंतीकडे बघत होते. आईनं सांगितलेलं त्यांनी पचवलं असतं, पण ते मी ऐकलं होतं. खाली मशीन एकच, ऑपरेटर एकच, म्हणजे मीच जाणार.

मी टाईप पूर्ण केलं. एक चूक केली नाही. फाईल तारेतून गेली आणि वर प्रिंटर वाजला. रविअप्पा कागद घेऊन खाली आले, वाचला, आणि मोठ्या भावाला म्हणाले, ठीक हाय. बाप गेल्यापासून त्या दोघांचं एका गोष्टीवर झालेलं ते पहिलं एकमत.

मुंजाजीनं तो कागद वाचला, पण हातात घेतला नाही. एकदा शेवटचं तपासून देतो, असं तो मालकांना म्हणाला. थोडा वेळ वर बसला, थोडा वेळ खाली बसून एकच शब्द टाईप केला, दोन्ही मशीनं बंद करून पुन्हा चालू केली आणि पंचा घडी घालून पिशवीत टाकला. मालकांनी उद्या काही अडलं तर फोन करू का, असं विचारलं. तोवर तो पिशवी उचलून दाराबाहेर पडला होता.

बसस्टँडपर्यंत तो माझ्याबरोबर आला. वडवणीची गाडी लागलेली होती. मी विचारलं, शेवटी काय तपासलंत हो?

"काई न्हाई ताई," तो म्हणाला. "ज्याला त्याला त्याचा बाप परत देऊन आलो."