आ वासलेले कटले

मी मासे धरते आणि खाते. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये हे मी एकदा मोठ्यानं सांगितलं, तेव्हा बरोबरच्या दोन बायका तिसऱ्या मजल्यावरच उतरल्या. राहायला त्या सातव्यावर होत्या. उतरोत बापड्या. जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि बंगळूरला के. आर. पुरमच्या पलीकडे या तळ्याकाठी घर घेतलं, ते बाल्कनीतून सूर्योदय बघायला नव्हे. तळ्यात कार्प आहेत असं कळलं, म्हणून घेतलं.

गळ माझ्या हातात वडिलांनी दिला, बेळगावकडच्या आमच्या गावच्या नदीवर. भावांना दिला नाही, कारण ते दोघे पाच मिनिटं गप्प बसत नसत. रोहू, कटला, मृगळ ही कार्पच्या एकाच कुळातली मंडळी, पण प्रत्येकाचं पान वेगळ्या जागी मांडलेलं. मृगळ तळाचा गाळ चिवडतो, रोहू मधल्या पाण्यात चरतो, कटला वर खातो. त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. शेंगदाण्याची पेंड भाजायची, कोंड्यात मळायची आणि सलग दोन-तीन दिवस एकाच जागी टाकायची. तेवढे दिवस गळ घरी. माशांना ती जागा आपली वाटू लागली की मग जाऊन बसायचं. कार्प आमिष एकदम गिळत नाही. ओढून घेतो, चाखतो, थुंकतो, परत घेतो. दोरीवरचं बूच आधी नुसतं शहारतं, मग जरासं वर येतं, आडवं होतं. तेव्हाही हात आवरायचा. ज्याला हे जमत नाही त्यानं बाजारातून मासे आणावेत. पाण्याकडे बघणं हेच यातलं खरं काम.

तळ्याचा मासेमारीचा ठेका ज्याच्याकडे होता, तो गळवाल्यांना रविवारच्या परवानगीची चिठ्ठी देई. गळ टाकणारी बाई त्यानं पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी म्हणाला, "अक्का, यजमान कुठे आहेत?" मी म्हटलं, "घरी भाजी चिरतायत." ते खरंच चिरत होते. त्यानं चिठ्ठी दिली आणि तळ्याच्या पूर्वेकडचा एक दगड माझा झाला. आठवड्याचे सहा दिवस मी त्या दगडासाठी काढत असे, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पश्चिमेकडच्या पायऱ्यांवर शनिवारची मंडळी जमत. त्यांचे म्होरके आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं. जयनगरचं घर विकून ते इकडे आले होते, आणि त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ग्रहपीडेवर उपाय म्हणून कुणा ज्योतिषानं त्यांना दर शनिवारी माशांना पिठाच्या गोळ्या घालायला सांगितलं होतं. एक मूठ गोळ्या होती तोवर कुणाचं काही बिघडलं नाही. मग शेजारी आले, शेजाऱ्यांचे पाहुणे आले. मुठीचा डबा झाला, डब्याचे चार डबे झाले, वर ब्रेड. माझ्याबद्दल अण्णा बैठकीत म्हणत, "एका कडेला आम्ही जगवतो, दुसऱ्या कडेला ह्या अक्का मारतात. हे सरी नाही, बरोबर नाही." माझी चिठ्ठी बंद करावी, असं त्यांनी ठेकेदाराला दोनदा सांगून पाहिलं होतं.

मे महिन्यात तीन दिवस आभाळ भरून राहिलं. ऊन नाही, वारा नाही, पाऊसही नाही. शनिवारी उजाडता उजाडता मी पेंड टाकायला गेले आणि मूठ तशीच राहिली. पाण्यावर एक बुडबुडा नव्हता. तळाशी कुणी चरतच नव्हतं. वास आंबूस. समोरच्या पायऱ्यांवर मात्र जत्रा लोटल्यासारखी गर्दी होती.

मी वळसा घालून गेले. पायऱ्यांपाशी शेकडो कटले पाण्यावर आले होते, तोंडं उघडी. लोक हरखून गेले होते. फोन बाहेर निघाले होते. अण्णा हात जोडून म्हणाले, "बघा की, किती आशेनं मागायलेत." आणि त्यांनी दोन्ही हातांनी गोळ्या टाकल्या.

गोळ्या माशांच्या तोंडापुढून खाली गेल्या. एकही तोंड मिटलं नाही.

"थांबवा हे," मी म्हटलं. "भूक नाही लागलेली त्यांना. श्वास घ्यायला वर आल्यात. तीन दिवस ऊन-वारा नाही, त्यात तुमचं पीठ खाली कुजायलंय, पाण्यात हवा उरली नाही. आणखी टाकलात तर सगळे मरतील."

"अक्का, त्यांचं पोट भरलं तर तुमच्या गळाला येणार नाहीत, ही तुमची चिंता," अण्णा म्हणाले. लोक हसले. मलाच मासेखाऊ म्हणून हसले.

"एक मासा धरा नजरेत. पाच मिनिटं फक्त बघा. एक तरी गोळी घेतोय का?"

अण्णांनी पाच सेकंद बघितलं आणि परत डब्यात हात घातला. शहाण्याला शब्दाचा मार असतो म्हणतात. इथे शब्द वाया चालले होते. मी त्यांच्या हाताखालचा डबा ओढला, झाकण लावलं आणि वर बसले. बाकीचे तीन डबे पायाशी ओढून घेतले. साठी उलटलेली बाई, साडी पोटऱ्यांपर्यंत खोचलेली, हातात पेंड, आणि बुडाखाली लोकांचं पुण्य.

"अक्का, उठा."

"उठत नाही."

"हे धर्माचं काम आहे."

"असू दे. मी उठत नाही बघा."

कुणी चित्रण केलं, कुणी माझ्या यजमानांना फोन लावला. ते म्हणाले, ती बसली असेल तर उठणार नाही. मी त्या डब्यावरूनच फोन करून ठेकेदाराला बोलावलं. तो येईपर्यंत पाऊण तास गेला आणि त्या वेळात पहिले कटले आडवे झाले. पांढरी पोटं दिसली तेव्हा हसणं थांबलं. ठेकेदारानं पाण्यावर एक नजर टाकली आणि पळत जाऊन डिझेलचा पंप आणला. तळ्याचंच पाणी उंच उडवून परत तळ्यात पाडत राहिला, दुपारपर्यंत. बरेच मेले. पण बरेच वाचले.

एवढ्यावर मिटेल असं वाटलं होतं. सोमवारी सोसायटीच्या समितीचा निरोप आला: अध्यक्षांचा चारचौघांत अपमान झाला आहे, लेखी माफी द्या, नाहीतर ठेकेदाराच्या टेम्पोला आमच्या फाटकातून तळ्याकडे वाट मिळणार नाही. चोराच्या उलट्या बोंबा. ठेकेदार घरी आला, चहा घेतला, म्हणाला, "अक्का, एक सॉरी लिहून टाका. स्वल्प अड्जस्ट माडी, जरा जुळवून घ्या." बिचारा माझ्याच भल्याचं बोलत होता.

मला तो दगड हवा होता. इतका हवा होता की मी कागद घेतला आणि "माफ करा" असं लिहिलंसुद्धा. मग माझा मलाच राग आला. कागद फाडला आणि दुसरा लिहिला: डबा बंद केल्याबद्दल मी माफी मागत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बसेन.

टेम्पो अडू नये म्हणून ठेकेदारानं चिठ्ठी बंद केली. दोन रविवार मी घरात भांडी आदळत काढले. शनिवारी मात्र उजाडताच पायऱ्यांवर जाऊन उभी राहत होते, रिकाम्या हातानं. पाण्याकडे बघायला चिठ्ठी लागत नाही.

तिसऱ्या शनिवारी पुन्हा आभाळ दाटलेलं. अण्णा एकटेच आले. डब्याला झाकण होतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अक्का, आज घालू का?"

"मला काय विचारता? बसा इथं आणि एक मासा बघा."

ते बसले. चुळबुळले. घड्याळ बघितलं, तेव्हा मी घड्याळ काढून खिशात घालायला लावलं. एक गोळी टाकून ते बघत राहिले, आणि खूप वेळानं हळूच म्हणाले, "घेतली. तोंड मिटलं."

"मग टाका. पण एकच मूठ."

त्यांनी एकच मूठ टाकली. उठताना विचारलं, "ते माफीचं पत्र?"

"येणार नाही."

"सरी," म्हणाले, आणि उरलेल्या गोळ्या घेऊन घरी गेले.

त्या संध्याकाळी ठेकेदारानं चिठ्ठी आणून दिली. रविवारी मला चांगला हातभर मृगळ मिळाला. कल्ल्यात बोट अडकवून, हातात लटकता, मी तो मुख्य फाटकातूनच आणला. अण्णा फाटकाशेजारच्या बाकावर पेपर वाचत होते. त्यांनी मासा पाहिला, मला पाहिलं, पण तोंड फिरवलं नाही. मीही माशावर पदर ओढला नाही.